निळ्या झाकणाची डबी

"माझं तपासायचं आता काही शिल्लक नाही. आता तुमची पाळी," असं म्हणत राजनंदिनीनं नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली. वाढली म्हणजे जवळजवळ आपटलीच.

ऋषिराज खारतोडेनं आधी भाकरीकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दाराबाहेर त्याची आई बनाबाई लसूण सोलत बसली होती. लसूण सोलताना तिचे कान हातांपेक्षा जास्त चालतात, हे त्याला ठाऊक होतं.

"हळू बोल की," तो कुजबुजला.

"सहा वर्षं हळूच बोलतेय. सोनोग्राफी माझी, रक्त माझं, नळ्या तपासल्या त्या माझ्या. सगळं व्यवस्थित आहे म्हणून डॉक्टर मॅडमनी लिहून दिलं, तरी काढे मीच प्यायचे आणि 'काय विशेष?' हे पण मलाच विचारायचं. शनिवारपर्यंत तुमचा रिपोर्ट आणा. नाहीतर मी वालचंदनगरला पप्पांच्या क्वार्टरमध्ये जाऊन बसणार, आणि का आले ते अख्ख्या कॉलनीला सांगणार."

धमकी जबर होती. त्या कॉलनीत एका घरात कुकरची शिट्टी झाली की चार घरांत डाळ कुठली ते कळायचं. पण ऋषिराजची अडचण निराळीच होती. तो गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं काम करायचा. मोटरसायकलला द्रवरूप नायट्रोजनचा कॅन बांधून लासुर्ण्यापासून निमगावपर्यंतच्या वस्त्या पालथ्या घालायचा. कॅनमध्ये वळूंच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या असत आणि प्रत्येक कांडीवर वळूचं नाव छापलेलं असे. लोक त्याला डॉक्टर म्हणत. आपण डॉक्टर नाही हे त्याला सुरुवातीला पक्कं माहीत होतं, पण बारा वर्षांत तो ते विसरत चालला होता. चहाच्या टपरीवर तर तो खुशाल सांगायचा, "ह्या पट्ट्यात आठ हजार वासरं हायत आपली." असल्या माणसानं स्वतःला तपासून घ्यायचं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं कमरेला डबा बांधून विहिरीत उतरायचं.

तरी तो गेला. रविवारी सकाळी बारामतीच्या एका लॅबमध्ये तोंडाला रुमाल बांधून पोचला. काउंटरवरच्या स्वप्नाली नावाच्या मुलीनं त्याच्या हातात निळ्या झाकणाची एक लांबट डबी ठेवली. डबीवर चिठ्ठी चिकटवलेली होती: ऋषिराज रामहरी खारतोडे, वय ३५.

"त्या खोलीत जा," ती म्हणाली.

खोलीचं दार पातळ होतं आणि दारासमोरच्या बाकावर सहा माणसं बसली होती. त्यातला एक रुमालाकडे निरखून बघत उठला.

"डॉक्टर ना तुमी? अवो, आमची म्हस गाभण ऱ्हायली बरं का! तुमी हितं कसं काय?"

"रक्त... आईचं रक्त," असं काहीतरी पुटपुटत ऋषिराज पुन्हा काउंटरवर आला. "मॅडम, घरनं आणलं तर चालंल का?"

"चालेल. पण एका तासाच्या आत आणा आणि—"

"मला नका सांगू. धंदाच हाय माझा," असं म्हणून त्यानं डबी खिशात टाकली. स्वप्नाली पुढे जे सांगत होती ते त्याच्या पाठीला ऐकू गेलं.

सोमवारी सकाळी घरच्या न्हाणीघरात जे पार पडायचं ते पार पडलं. त्याचा तपशील इथं गरजेचा नाही. डबी हातात धरून ऋषिराज गाडीपाशी आला आणि विचार करू लागला. एक तास. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. कारखान्यांचा हंगाम ऐन भरात. मग त्याची नजर कॅनवर गेली आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. एका तासाची अट अडाण्यांसाठी! आपल्याकडे उणे एकशे शहाण्णव अंशांचा नायट्रोजन आहे. त्यात बीज वीस वीस वर्षं टिकतं. त्यानं कॅनचं बूच काढलं, पांढरा धूर बाहेर आला, आणि डबी कॅनच्या अरुंद तोंडातून जेमतेम आत उतरली. एका कांडीदाणीत गाईंसाठीच्या कांड्या, दुसरीत आपण. बुद्धिमान माणसाचं समाधान चेहऱ्यावर घेऊन त्यानं किक मारली.

आता घाई नव्हती. म्हणूनच वस्तीच्या तोंडाला गेणूतात्यानं हात केल्यावर त्यानं गाडी थांबवली.

"डॉक्टर, गाय माजावर आलीया, काल सांजच्यापास्नं वरडतीया. आत्ता टाइम हाय, परत जायचा."

ऋषिराजनं कांडी काढली, कोमट पाण्यात धरली, गाय भरवली आणि तो हौदावर हात धुवायला गेला. गेणूतात्याची एक सवय होती. कुठल्या वळूची कांडी वापरली ते नाव तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय डॉक्टरला सोडत नसे. आज रिकामी कांडी शेणात पडली होती, म्हणून त्यानं सरळ कॅनच उघडला आणि हाताला लागला तो कांडीदाणीचा आकडा वर ओढला. धुरातून निळं झाकण वर आलं. तात्यानं चष्मा सारखा करून वाचलं: ऋषिराज रामहरी खारतोडे, वय ३५.

तात्यानं एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा हात पुसत येणाऱ्या ऋषिराजकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ गाईकडे पाहिलं. आकडा त्यानं अलगद खाली सोडला.

"डॉक्टर," तो घसा खाकरून म्हणाला, "वळू... कसा हाय म्हनायचा?"

"एकदम जातिवंत, तात्या. माझ्या खात्रीतला. काय बी काळजी करू नका."

"तुमच्या खात्रीतला," तात्या म्हणाला आणि खाटेवर बसला.

इकडे लॅबमध्ये स्वप्नालीनं डबी हातात घेतली आणि चटका बसल्यासारखी टेबलावर ठेवली.

"काका, हे काय आहे? दगड झालाय याचा!"

"घाबरू नका. सदतीस अंशाच्या पाण्यात धरा. मग बगा कसं पळत्यात."

तिनं आतल्या डॉक्टरांना विचारलं, पाण्यात धरलं, थेंब काचेवर घेतला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. ऋषिराज काउंटरवर बोटांनी ताल धरून उभा होता. शेवटी ती म्हणाली, "सगळे मेलेत."

"मेलेत? आमच्या कांडीतलं तर पळत्यात!"

"काका, तुमच्या कांडीत वळूचं नुसतं वीर्य नसतं. गोठवताना मरू नये म्हणून त्यात अंड्याच्या बलकाचं नाहीतर दुसरं कसलं तरी द्रावण मिसळलेलं असतं. नुसतं तसंच गोठवलं की आत बर्फाचे खडे होतात आणि पेशी फाटतात. मी काल तेच सांगत होते की, अंगाच्या उबेत आणा. खिशात धरा, काखेत धरा."

अंड्याचा बलक! कोर्सच्या परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर त्यानं पूर्ण लिहिलं होतं, चांगले मार्कही पडले होते. स्वप्नालीनं त्याला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'नमुना गोठलेल्या अवस्थेत आल्याने तपासणी होऊ शकली नाही. तीन-चार दिवसांनी पुन्हा द्यावा.' बायकोला हा कागद दाखवायचा म्हणजे वाघाच्या तोंडात स्वतः होऊन डोकं घालायचं होतं. तो संध्याकाळपर्यंत मुद्दाम लांबलांबच्या वस्त्यांवर फिरत राहिला.

तो फिरत असताना बातमीही फिरत होती, आणि बातमीला पेट्रोल लागत नाही. गेणूतात्यानं ती फक्त एकाला सांगितली होती. पण तो एक म्हणजे डेअरीचा सेक्रेटरी युवराज. संध्याकाळी दूध घालायला जमलेल्या माणसांत हळूहळू हिशेब सुरू झाला की, गेल्या वर्षभरात कोणाकोणाची गाय ऋषी डॉक्टरनं भरवली. सगळ्यांचीच निघाली.

"म्या म्हनलंच हुतं," सारजा डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आमच्या कालवडीचं कपाळ लई रुंद हाय. आन हाक मारली की डॉक्टरवानीच मान वाकडी करून बगती."

"काय तरीच बोलतीस," युवराज म्हणाला. पण त्याच्याही गोठ्यात दोन वासरं होती, म्हणून त्यानं लगेच पुढं विचारलं, "कान कसं हायत?"

तेवढ्यात ऋषिराजची गाडी आली. राजनंदिनी दुधाची किटली घेऊन रांगेत उभीच होती. नवऱ्याला पाहून तिनं भुवईनंच विचारलं, 'रिपोर्ट?' पण त्याला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही.

"डॉक्टर," गेणूतात्या पुढे आला, "लेका, चाळीस वर्सं गुरं पाळली. गोठ्यात लई परकारची वासरं बगितली. पर तुझ्या नावाची कांडी कवा बगितली नव्हती. माझ्या गाईला काय घातलंस?"

ऋषिराजनं घाईघाईनं गाडी स्टँडला लावली. तेवढ्यात डोकं चाललं. "तात्या, ती डबी व्हय? ती थुंकी हाय. खोकला येतोय म्हनून तपासायला दिलीय."

पुरावा म्हणून तो खोकलासुद्धा. इथंच चुकलं.

"टीबी!" युवराज ओरडला. "टीबीची थुंकी कांड्यांच्या कॅनमंदी? अरं, गावचं दूध बंद हुईल!"

रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरकली. एकानं तर आपली किटलीही झाकली. सारजा राजनंदिनीजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, "बाई बाई, काय नशीब तुजं. पोटी लेकरू न्हाय, ते न्हाय. आता नवऱ्याला ही असली कळा."

राजनंदिनीनं फक्त किटली या हातातून त्या हातात घेतली. सहा वर्षांत असं किती वेळा झालं असेल, याचा विचार ऋषिराजनं आजवर कधी केला नव्हता. तो गाई मोजत राहिला आणि बोलणी ती खात राहिली. त्याला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

"टीबी न्हाय," तो म्हणाला. "थुंकी बी न्हाय. ते माझं बी हाय. माझं सोताचं. लेकरू का व्हईना ते बगायला तपासायला न्ह्यायचं हुतं. सहा वर्सं हिलाच तपासलं. ती चांगली ठणठणीत हाय. आता माझी पाळी हाय. आन गेणूतात्या, तुमच्या गाईला वळूचीच कांडी घातलीया. माझी डबी शेजारच्या खणात हुती."

युवराजनं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद केलं.

"पर शेजारनं सांडलं असंल तर?" गेणूतात्यानं विचारलं. त्याचा जीव गाईत अडकला होता.

"सांडलं तरी काय व्हत न्हाय, तात्या. गाईच्या बीजांडाला भवतीनं कवच असतंय. त्याला ज्याचं त्याचंच बी चिकटतंय. मानसाचं तिथं दारातच अडतंय. आन खरं सांगायचं तर मानसाच्या बाईच्या पोटात बी तेच. एका वेळंला कोटींनी निघत्यात, पोचत्यात शे-दोनशे, आन आत जातो एक. एक आत गेला की दार बंद."

"मग बाकीच्या कोटींचं काय?"

"संपलं त्यांचं."

गेणूतात्या सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडला होता. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "म्हंजे एकच निवडून येतो आन बाकीच्यांचं डिपॉझिट जातंय."

आता लोकांना गोडी लागली. सारजानं विचारलं, "मग पोरगं का पोरगी, ते कुनाच्या हातात?"

"आता सारजाबाई, तुमी कालवडच व्हायची कांडी मागता ना माझ्याकडं? ती वळूचीच असती का गाईची?"

"वळूची."

"मग?"

सारजाला तीन मुली होत्या आणि त्याबद्दल ऐकून घ्यायला एक सासू. तिनं रिकामी किटली उचलली. "आमचं येडं घरीच हाय," ती म्हणाली, "आन त्याची आई बी. दोगांना एकदमच सांगते." आणि ती जवळजवळ पळतच निघाली.

राजनंदिनी घरी जाताना गाडीवर मागे बसली आणि तिनं विचारलं, "शेजारच्या खणात होती म्हणजे? तुम्ही डबी नायट्रोजनमध्ये घातलीत?"

"व्हय."

"मग?"

"मेली समदी."

पुढचा अर्धा किलोमीटर तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं होतं आणि खांदे हलत होते. रडतेय की हसतेय ते त्याला आरशात दिसेना.

शुक्रवारी दुसरी डबी निघाली. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, त्यामुळे सगळी वस्ती कामाला लागली. युवराजनं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर संदेश टाकला, 'आपले डॉक्टर अर्जंट कामासाठी बारामतीला निघाले आहेत, कृपया रस्ता द्यावा.' कसलं अर्जंट ते त्यानं लिहिलं नाही, पण ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. जंक्शन गावच्या चौकात ट्रॉल्या कडेला घेऊन उभे असलेले ड्रायव्हर हात हलवत होते. एकजण ओरडला, "डॉक्टर, पळवा पळवा!" नेमकं काय पळवायचं, ते त्यानं सांगितलं नाही. राजनंदिनीनं डबी कमरेशी, साडीच्या घडीत खोचून वर शाल घेतली होती. बेचाळीस मिनिटांत ते लॅबच्या दारात पोचले.

"आता कसं कोमट आहे," स्वप्नाली खूश होऊन म्हणाली.

रिपोर्ट घेऊन दोघं राजनंदिनीच्या डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडमनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"संख्या चांगली आहे. पण पळणारे कमी आहेत. बरेचसे जागच्या जागी वळवळतात. तंबाखू खाता?"

"थोडी," ऋषिराज म्हणाला.

"दिवसातनं तीन पुड्या," राजनंदिनी म्हणाली.

"अंघोळीचं पाणी?"

"कढत. आई बंबाचं देती."

"आणि दिवसभर घट्ट जीन्स घालून गाडीवर. अहो, हे बीज तयार व्हायला अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो, म्हणून तर ती जागा शरीराच्या बाहेर ठेवलेली असते. तयार होईपर्यंत गार पाहिजे, बाहेर आल्यावर ऊब पाहिजे."

ऋषिराजनं बोटांवर मोजून पाहिलं. "म्हंजे मी बरोब्बर उलटं केलं."

"बरोब्बर. आता तंबाखू बंद, कढत पाणी बंद, सैल कपडे. नवीन बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. गोळ्या लिहून देते. घाबरायचं कारण नाही. यांना मात्र आता काहीही देऊ नका," मॅडमनी राजनंदिनीकडे बोट केलं. "एक चमचासुद्धा नाही."

घरी आल्यावर बनाबाईला सगळं सांगायचं काम राजनंदिनीनं नवऱ्यावर सोपवलं आणि ती भांडी घासायला बसली. बनाबाईनं रिपोर्ट उलटा धरून बराच वेळ पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदावर सुनेचं नाव नाही, मुलाचं आहे, एवढं तिला अक्षरांच्या लांबीवरून कळलं असावं. रात्रीचं जेवण तिनं मुकाट्यानं केलं. राजनंदिनीला वाटलं, झालं, आता म्हातारी रिपोर्टच खोटा म्हणणार. मग आपल्याला खरंच बॅग भरावी लागणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बनाबाई म्हणाली, "आज म्या बी येते डेअरीवर." एक किटली तिनं घेतली, दुसरी सुनेनं. ऋषिराज कॅन घेऊन कुठल्याशा गाईकडे निघाला होता, तोही रांगेपाशी थांबला. नेमकी त्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरची एक बाई आली होती. आठवडाभराची भानगड तिच्या कानावर गेलेली दिसत नव्हती. तिनं बनाबाईला पाहिलं, मग राजनंदिनीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि सवयीनं विचारलं, "काय वं बनाबाई, सुनेचं काय इशेष?"

युवराजनं मान खाली घातली. राजनंदिनीनं किटलीचा कान घट्ट धरला. तिला आता फक्त सासूच्या तोंडाकडे बघायचं होतं, आणि तेवढंच बघवत नव्हतं.

बनाबाईनं किटली जमिनीवर ठेवली.

"माझ्या सुनेला काय धाड भरलीया?" ती म्हणाली, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या टपरीतही गेला. "खणखणीत हाय माझी सून. डाक्टरनी लिवून दिलंय. खोट माझ्या पोरात हाय. हितनं म्होरं काय इचारायचं असंल तर त्याला इचारायचं, हिला न्हाय. सहा वर्सं म्या बी हिलाच बोलले. चुकलं माझं."

पलीकडच्या वस्तीवरची बाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. ऋषिराजला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. आणि तेवढ्यात बनाबाईच्या ध्यानात आलं की, आपण बोलण्याच्या भरात पोराच्या धंद्यावरच पाणी फिरवतोय. ती गर्रकन गेणूतात्याकडे वळली.

"आन तुमी कुनी गाई भरवायला त्याला बोलवायचं थांबू नका, सांगून ठिवते. हाताला गुण हाय त्याच्या. गाईच्या कामात त्याचं सोताचं काय बी नसतंय!"

आधी गेणूतात्या हसला, मग युवराज, मग सगळी रांग. राजनंदिनी हसायला लागली ती थांबेचना. किटली हिंदकळून दूध पायावर सांडलं, तरी ती हसतच राहिली आणि हसता हसता तिनं सासूचा हात धरला. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण ती अशी हसते हे वस्तीला माहीत नव्हतं. खरं तर ऋषिराजलाही माहीत नव्हतं. तो गाडीवर बसून तिच्याकडे बघतच राहिला, आणि ज्याची गाय माजावर होती तो शेतकरी फोनवर फोन करत राहिला.